मिहोनं लिहिलेलं कार्ड

माझ्या नवऱ्याला माझे सगळे पासवर्ड माहीत आहेत. माझं खरं वजन माहीत आहे. इथल्या ड्रायव्हिंग टेस्टमध्ये मी तीनदा नापास झाले होते, हेही. पण हे त्याला माहीत नाही. आईला नाही, बहिणीला नाही. एका बाईनं ते ओळखलं — पण कुणी ओळखणं वेगळं आणि आपण आपल्या तोंडानं सांगणं वेगळं, नाही का? सहा वर्षं झाली. तुम्हाला सांगते.

घाबरू नका, खूनबिन नाही. म्हणजे — एका धडधाकट बाईला मी मारून टाकलं, पण ते पुढे येईल.

मी वैशाली, नागपूरची. बॉथेलला एका औषधांच्या लॅबमध्ये काम करते आणि उरलेल्या वेळात फोटो काढते. आधी तो नुसता शनिवार-रविवारचा नाद होता. सरोवर, बदकं, धुक्यातली झाडं. सिअ‍ॅटलच्या आसपास राहणाऱ्या प्रत्येक भारतीयाकडे असतात तसले फोटो. मग कंपनीनं चार महिन्यांसाठी ओसाकाला पाठवलं, आणि तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर नाओको होती.

नाओको दिवसाला मोजून सहा वाक्यं बोलायची. त्यातली चार मशीनबद्दल. तिसऱ्या आठवड्यात तिनं एकदम जेवायला बोलावलं. "घरी मिहो पण असेल," म्हणाली. मला वाटलं, रूममेट. घरी गेले तर दारात एक गुटगुटीत, मोठ्या आवाजाची बाई उभी — मिहो शहराची बस चालवते आणि बोलते अशी की मागच्या सीटवरच्यालाही ऐकू जावं. जेवताना नाओकोनं चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि सातवं वाक्य बोलली. "मिहो माझी बायको आहे. कायद्यानं नाही. शहराच्या ऑफिसनं एक दाखला दिलाय. एकत्र राहून बारा वर्षं झाली."

मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, "अभिनंदन." बारा वर्षांनी! मिहो इतकी हसली की तिला ठसका लागला.

माझा कॅमेरा बघून नाओकोनंच विचारलं, आमच्यासारख्यांचे फोटो काढशील का? आणि एक अट घातली — "झेंड्यांचे आणि मोर्चाचे फोटो सगळेच काढतात. तू आमचा सोमवार काढ." म्हणून मी सोमवार काढत सुटले. एक साठीचे गृहस्थ होते, आठ खुर्च्यांचा छोटासा बार चालवणारे. आधीच्या नोकरीत त्यांनी तीस वर्षं एक खोटी मैत्रीण सांभाळली होती. तिला नाव होतं, वाढदिवस होता, तिला मांजरांची अ‍ॅलर्जीसुद्धा होती. एक केस कापणारी ट्रान्स बाई होती. तिच्या आईनं तिला नव्या नावानं पहिल्यांदा हाक मारली ती टीव्हीवर कुस्ती ऐन रंगात आलेली असताना — "चहा झालाय" एवढंच सांगायला. ते सांगताना ती कात्री हातात धरून रडली आणि समोरच्या गिऱ्हाइकाची दाढी अर्धीच राहिली.

पण चेहरे — चेहरे कुणी देईना. ऑफिसात कळेल, गावाकडे कळेल, घरमालकाला कळेल. मी हातांचे फोटो काढले, बुटांचे, छत्र्यांचे. आणि पाठींचे तर इतके, की चार महिन्यांत मी पाठींची तज्ज्ञ झाले.

मग परत यायच्या आदल्या रविवारी मिहो म्हणाली, आमचा चेहरा घे. नाओको गप्प बसली, म्हणजे "हो". छान ऊन पडलं होतं. दोघींनी गाद्या काढून बाल्कनीच्या कठड्यावर उन्हात टाकल्या होत्या. मिहो काठीनं गादी बडवत होती, धूळ उडाली, नाओकोला एकामागून एक शिंका सुरू झाल्या, आणि मिहो शिंका मोजायला लागली. सातव्या शिंकेला मी बटण दाबलं. दोघींचे चेहरे लख्ख उन्हात, तोंडं उघडी, डोळे मिटलेले. माझ्या हातून निघालेला सर्वांत चांगला फोटो तोच. आजही तोच.

फोटो बघून मिहो आत गेली आणि एक जाड पांढरं कार्ड आणि ब्रशपेन घेऊन आली. एरवी खदखदा हसणारी बाई, पण लिहिताना जिभेचं टोक दातात धरून लिहिलं. वर जपानीत दोघींची नावं. खाली — बायको आणि बायको. मला म्हणाली, "खालची घरमालकीण आम्हाला बहिणी म्हणते. माझी आई मैत्रिणी म्हणते. बस डेपोतला साहेब काहीच म्हणत नाही. अमेरिकेत दाखवशील तेव्हा हे खाली लाव. आणि लावल्यावर कार्डासकट फोटो पाठव." एवढंच मागितलं. मी कबूल केलं. दोन्ही हातांनी कार्ड घेतलं, तिथे घेतात तसं.

आता इथलं सांगते.

बॉथेलला आमच्या मराठी लोकांचं वसंतात एक संमेलन असतं. भाड्याचा हॉल, नाटुकली, मसालेभात, आणि त्या वर्षी फोटोंचं प्रदर्शन. विषय होता "घर". प्रत्येकी एक फोटो. मी अर्थात गाद्यांचा दिला. मिहोच्या कार्डावर खाली मराठीत काय लिहायचं यावर आमच्या घरी दोन संध्याकाळी वाद झाला. मी "सहचारिणी" म्हटलं तर प्रशांत — माझा नवरा — म्हणाला, "कवयित्री आल्यात असं वाटेल." "जोडीदार" म्हटलं तर म्हणाला, "धंद्यातल्या?" शेवटी मी सरळ लिहिलं: नाओको आणि तिची बायको मिहो. वाचून बरं वाटलं. स्वतःबद्दल जरा जास्तच बरं वाटलं.

इथे शैलाकाकू सांगायला हव्यात. साताऱ्याच्या, तेव्हा चौऱ्याहत्तरीच्या, मुलाकडे राहायच्या. आम्ही बौद्ध. इथे नवीन असताना मराठी पार्ट्यांत आडनाव विचारलं जायचं. मी सांगितलं की समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणायचा आणि संभाषण एकदम चिप्स आणि डिपकडे वळायचं. माझ्या वडिलांनी एकच शिकवलं होतं — आडनाव सांगताना आवाज खाली आणायचा नाही. मी कधी आणला नाही. शैलाकाकूंनी आडनाव ऐकलं आणि विचारलं, "नागपूरची ना? मग तिखट खातेस की नुसत्या गप्पा?" माझी मुलगी झाली तेव्हा आईला व्हिसा मिळाला नाही. काकू बारा दिवस येऊन राहिल्या. डिंकाचे लाडू, शेक, बाळाची आंघोळ, सगळं. या देशात मला कुणी आईसारखं ओरडलं असेल तर त्यांनीच.

तर हॉलमध्ये मी फोटो भिंतीवर लावला. कार्ड हातात होतं, मागे टेप लावायचं राहिलं होतं. काकू आल्या, चष्मा चढवला. बराच वेळ बघत राहिल्या. आणि म्हणाल्या, "किती गोड गं या दोघी! बहिणी का?"

मी म्हणाले, "हो."

एक अक्षर. त्यांनी दटावलं नव्हतं, नाक मुरडलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं! मला "नाही काकू" म्हणायला काय झालं होतं? मला एवढंच दिसलं — आता या "अच्छा, अच्छा" म्हणतील. आणि मला ते त्यांच्याकडून ऐकायचं नव्हतं. बारा वर्षं दुसऱ्यांनी "बहिणी" म्हणून झाकलेल्या दोघी चेहरा उघडा करून माझ्या हातात आल्या, आणि मी पहिल्याच प्रश्नाला त्यांच्यावर तेच पांघरूण घातलं. आवाज खाली न आणणारी मी.

जीभ घसरली म्हणता आलं असतं. पण मी मिहोचं कार्ड पर्समध्ये टाकलं, रजिस्ट्रेशनच्या टेबलावरून कोरं कार्ड आणलं आणि स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहिलं: "दोघी बहिणी, ओसाका." जीभ काही कार्ड लिहीत नाही.

प्रशांत बघेल ही एक भीती होती. तो दिवसभर मसालेभाताच्या पातेल्यापाशी डाव घेऊन उभा होता. फोटो त्यानं घरीच इतक्यांदा बघितला होता की भिंतीपर्यंत तो आलाच नाही.

फोटोला दुसरं बक्षीस मिळालं. पाच लिटरचा कुकर. चांगला आहे, अजून वापरते.

नंतरचं सगळं आता आठवलं की हसू येतं आणि मग येत नाही. काकूंनी त्या फोटोची प्रत मागून घेतली आणि स्वयंपाकघरात लावली. रोज पोळ्या लाटताना समोर फोटो, त्यामुळे रोज नवे प्रश्न. मोठी कोण? नाओको, मी म्हणाले. ते योगायोगानं खरं होतं. लग्नं का नाही केली? जबाबदाऱ्या, मी म्हणाले. आईवडील? आणि मी — काकू पुढे आणखी काही विचारतील म्हणून — मिहोच्या आईला मारून टाकलं. ती बाई गावी ठणठणीत होती, दर वर्षी लेकीला खारवलेल्या आलुबुखारांची बरणी पाठवायची. माझ्या तोंडून ती एका मंगळवारी वारली. काकूंना इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी त्यांनी चहाही घेतला नाही.

आणि मग त्यांनी मफलर विणायला घेतले. पोरक्या बहिणींसाठी. दोन, अगदी एकसारखे, मोरपिशी. मला म्हणाल्या, पाठव. मी पाठवले.

आता गंमत बघा. तिकडे जोडपी हौसेनं एकसारखे कपडे घालून फिरतात. अमेरिकेतल्या एका आजीनं फोटो बघून, कार्ड वाचून दोघींना जोडीचे मफलर विणून पाठवले — मिहो आणि नाओकोला याचा एकच अर्थ लागणार होता. आणि लागला. मिहोनं काकूंना तीन पानांचं पत्र लिहिलं, सुंदर जपानी अक्षरात. नाओकोनं मला त्याचं इंग्रजी मेल केलं. त्यात होतं: "आमच्या लग्नाचा आहेर आजवर कुणा मोठ्या माणसानं केला नव्हता. तुम्ही पहिल्या."

ते पत्र मी काकूंच्या स्वयंपाकघरात बसून "वाचून" दाखवलं. मफलर ऊबदार आहेत. आईची आठवण आली. तुम्ही मावशीसारख्या आहात. काकू पदरानं डोळे पुसत होत्या. पत्र मी उलटं धरलं होतं, हे मला शेवटच्या पानावर कळलं.

एवढंच असतं तर कदाचित मी कधीतरी हसत हसत प्रशांतला सांगून टाकलं असतं. पण प्रदर्शनाच्या दिवशीचं एक मी मघाशी गाळलं. मुद्दाम. तेच सांगायला बसले होते — आणि बघा, कुठे कुठे फिरून आले.

त्या सकाळी उठले तेव्हा फोनवर नाओकोचा मेसेज येऊन पडला होता. "मिहो विचारते, भिंतीवरचा फोटो कधी येणार? कार्डासकट." दुपारी सगळे जेवणाच्या रांगेत गेले. हॉलच्या त्या बाजूला कुणी नव्हतं. मी "दोघी बहिणी" काढलं. पर्समधून मिहोचं कार्ड काढलं, त्याच जागी लावलं, सरळ आहे ना बघितलं. फोनवर फोटो काढला. पहिला हलला, म्हणून दुसरा काढला. मग मिहोचं कार्ड काढलं, पर्समध्ये ठेवलं, "दोघी बहिणी" परत लावलं आणि जाऊन रांगेत उभी राहिले. मसालेभात दोनदा घेतला.

फोटो ओसाकाला पाठवला. लिहिलं, "लोकांना खूप आवडला."

पहिल्या खोट्याला मी घाबरट म्हणू शकते. याला काय म्हणू? चौकट नीट होती, उजेड नीट होता. मी फोटो काढणारी बाई आहे. जे समोर असतं ते दाखवते, असं लोकांना ऐटीत सांगते. त्या दिवशी जे नव्हतं ते मी भिंतीवर उभं केलं, आणि ज्यांचं होतं त्यांनाच पुरावा म्हणून पाठवलं. दोघींनी तो मोठा करून, फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावला.

गेल्या उन्हाळ्यात त्या आल्या. दहा दिवस, आमच्याच घरी. मिहोनं आमची मिनीव्हॅन चालवून बघितली आणि बसपेक्षा वाईट असल्याचा निकाल दिला. आल्या दिवसापासून एकच धोशा — शैलाकाकूंना भेटायचं. मी टाळलं. काकूंचे गुडघे, काकूंचा डॉक्टर. शेवटी काकूंनीच फोन केला, "पोरी इथे आल्यात आणि तू त्यांना माझ्याकडे आणत नाहीस? शनिवारी जेवायला या. श्रीखंड करतेय."

भर जुलैत दोघी मफलर घालून निघाल्या. गाडीत मी एसी पूर्ण केला.

काकूंना इंग्रजी येतं, बेताचं पण ठाम. त्यांनी दोघींचे हात धरले, बसवलं, पानं वाढली. मी मध्ये बसले, प्रत्येक वाक्यावर झडप घालायच्या तयारीत. तोच मिहोनं फोन काढला. तिला तिच्या घरातली भिंत दाखवायची होती. तिनं फ्रेमचा फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि काकूंच्या समोर धरला — तुम्ही हे बघितलंत ना, तेच! अशा आनंदानं.

काकूंनी चष्मा चढवला. आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून वाचलं.

"नाओको. आणि. तिची. बायको. मिहो."

आपली नावं मराठीत ऐकून दोघींनी टाळ्या वाजवल्या. मिहो म्हणाली, "पुन्हा! पुन्हा!" काकूंनी पुन्हा वाचलं. मग फोन खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. श्रीखंडाचं भांडं ओढलं आणि मिहोच्या वाटीत वाढायला लागल्या.

"यू ड्राइव्ह बस?"

"येस!"

"पर्मनंट जॉब?"

नाओकोनं समजावल्यावर मिहो म्हणाली, "येस, पर्मनंट!"

"पेन्शन?"

"येस!"

"गुड," काकू नाओकोला म्हणाल्या. "व्हेरी गुड. यू चोज वेल." आणि तिच्या वाटीत दुप्पट वाढलं. मग मफलरकडे बोट दाखवून म्हणाल्या, "सेम कलर. आय डिड करेक्ट."

त्या दुपारी जितकं हसलो तितकं मी त्या घरात कधी हसले नव्हते. मिहोनं नाओकोच्या शिंकांची नक्कल केली. काकूंनी स्वर्गवासी काकांच्या घोरण्याची केली. मिहो आईचा फोटो दाखवायला लागली, तेव्हा मी पाणी आणायला उठले. काकूंनी त्या मेलेल्या बाईचा आलुबुखारांच्या बरणीसोबतचा फोटो नीट निरखला आणि म्हणाल्या, "हेल्दी. गॉड ब्लेस."

नंतर भांडी घासताना मी त्यांच्या शेजारी उभी होते. बाहेर दोघी अंगणात टोमॅटोची रोपं बघत होत्या. काकूंनी नळ बंद केला.

"कार्ड दोनदा लिहिलंस?"

"हो, काकू."

"मी काय म्हणेन म्हणून?"

मी मान हलवली. त्या बराच वेळ एकच ताट पुसत राहिल्या. "मला वाटायचं, तू मला ओळखतेस," एवढं म्हणाल्या आणि ताट माझ्या हातात दिलं. ओरडल्या नाहीत. मला वाटलं होतं, ओरडतील. भिंतीवरचा फोटो खोटा होता हे त्यांनी बाहेरच्या दोघींना सांगितलं नाही. तो विषय पुन्हा काढलाही नाही. माझं ओझं त्यांनी न मागता उचललं, आणि मी उचलू दिलं.

या वसंतात मी सगळेच फोटो लावले. पाठी, बूट, छत्र्या, मधोमध गाद्या. खाली मिहोचं कार्ड, या वेळी खरोखर. काकू दारापाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सांगत होत्या, "ही नाओको, ही तिची बायको. बस चालवते. पेन्शन आहे." काही लोक "अच्छा, अच्छा" म्हणाले. बरेच जण थांबले. मला खूप आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण आनंद झाला म्हणून काही फिटत नाही. आधीचं कार्ड मी लिहिलं होतं. ओसाकाच्या त्या भिंतीवरचा फोटो मी रचला होता. नाओको आणि मिहो आजही मला सांगतात की पहिल्यांदा त्यांना त्यांच्या नावानं मी उभं केलं. मी ऐकून घेते. दर वेळी. शनिवारी आमची रात्र आणि त्यांची रविवारची दुपार असते, आम्ही व्हिडिओवर बोलतो. बोलायला विषय कधी कमी पडत नाही. गेल्या शनिवारी तासभर बोललो. मिहोच्या आईची तब्येत, नवा रूट, माझी मुलगी.

हे मी बोलले नाही.